रात्रपाळीची आई

यंदाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने आपल्या भागाच्या इतिहासाविषयी काही लिहावे असे ठरले. मी सातवी शिकलेली. मला इतिहास तो कितीसा ठाऊक असणार! परंतु याच लालबाग-परळमध्ये माझ्या आईने एकोणतीस वर्षे नर्सिंग होममध्ये रात्रपाळी केली आणि तिचे नाव कोठल्या वहीत धड लिहिलेले नाही, म्हणून लेखणी हाती घेतली.

बाळंतपणाच्या सोयीबद्दल आपल्या भागाला अभिमान वाटावा असे पुष्कळ आहे. १९२६ साली परळला वाडिया प्रसूतिगृह निघाले. १९२९ साली मुंबई इलाख्यात कायदा होऊन गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाचा भत्ता मिळू लागला. त्या विधेयकाच्या बाजूने १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कौन्सिलात बोलले होते. त्याही आधी, १९०९ साली, पुण्यास रमाबाई रानडे यांनी सेवासदन काढले आणि तेथे कितीतरी विधवांना परिचारिकेचे शिक्षण मिळाले. हे सारे पुस्तकांत आहे. परंतु नर्सबाईंच्या मागे जी बाई बादली आणि फडके घेऊन उभी असते, तिच्याविषयी मला कोठे वाचायला मिळाले नाही. तिला आया म्हणतात. आमच्याकडे मावशी म्हणत.

आम्ही मूळचे संगमेश्वरकडचे. वडील गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मी तेव्हा दोन वर्षांची होते. आजी सांगत असे, पहिले दोन महिने चाळीत कोणी घाबरलेच नव्हते. मग एकेकीची भांडी वाण्याकडे जाऊ लागली. आईची पाटली गेली तेव्हा तिने कोणाला न विचारता काम धरले. एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर सहा खाटांचे नर्सिंग होम होते. पगार दोनशे रुपये. रात्री आठ ते सकाळी आठ. रात्री बाई बाहेर राहणार म्हणून वडील महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. पण पगाराचे पैसे मात्र तेच मोजून घेत, हेही सांगायला हवे.

तिचे काम काय, हे आताच्या मुलींना कळणार नाही. आता सगळे वापरून फेकायचे असते. तेव्हा सुया आणि सिरिंजा उकळायच्या. डॉक्टरीणबाईंचे रबरी हातमोजे धुवायचे, फाटले आहेत का ते पाणी भरून पाहायचे, वाळवायचे आणि पावडर लावून घडी करायचे. रबरी चादरी घासायच्या, वार उचलायची, कापसाच्या घड्या करायच्या. कळा देणाऱ्या बाईची कंबर चोळायची. मूल बाहेर आले की पुसून, गुंडाळून तिच्या अंगाशी द्यायचे. मुलगी झाली म्हणून कोणी तोंड फिरवले, तर त्या मुलीला आई स्वतः अर्धा तास मांडीवर घेऊन बसे. तिच्या हाताला कायम डेटॉलचा वास येई. भाकरीलाही तो लागतो म्हणून मी कुरकुरत असे.

१९८८ साली माझी धाकटी बहीण झाली. आईने नवव्या महिन्यापर्यंत काम केले. बाविसाव्या दिवशी ती परत कामावर गेली, कारण जागा राखून ठेवण्याचे कोणी कबूल केले नव्हते. १९६१ साली साऱ्या देशासाठी प्रसूतीच्या रजेचा कायदा झालेला होता. पण मालकांच्या कागदावर मोजून आठ माणसे होती, आणि एवढ्यांना तो लागू पडत नाही असे तिला सांगण्यात आले. सकाळी ती घरी येई तेव्हा तिचे पोलके दुधाने भिजलेले असे. दुसऱ्यांची बाळे तिने रात्रभर सांभाळलेली, आणि आमची छकुली आजीच्या हातून वाटीने वरचे दूध प्यालेली.

१९९२ च्या दिवाळीनंतर आजी गेली. पुढे जानेवारीत दंगल झाली. संक्रांतीआधीच्या त्या आठवड्यात आई कामावर गेली ती तीन दिवस परतलीच नाही. रस्ते बंद, नर्सबाई येऊ शकलेल्या नाहीत. वर डॉक्टरीणबाई एकट्या आणि तीन बाळंतिणी, त्यांतली एक मुसलमान. काही माणसे जिन्यापर्यंत येऊन विचारू लागली, वर कोण कोण आहे, नावे सांगा. आई दारात उभी राहिली आणि म्हणाली, "इथं खाटेचा नंबर असतो, नाव नसतं. बाळंतिणी झोपल्यात, चपला वाजवू नका." माणसे गेली. कदाचित ती नुसती विचारायलाच आली असतील; आईनेही ही गोष्ट कधी मोठी करून सांगितली नाही. मला ती डॉक्टरीणबाईंच्या तोंडून पुष्कळ वर्षांनी कळली.

मला त्या तीन दिवसांचे वेगळेच आठवते. बहिणीला ताप होता. मी बारा वर्षांची. वडील बाहेर पडू देत नव्हते आणि मी तिच्या कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवत होते. आई घरी आली तेव्हा मी म्हटले, "तुला दुसऱ्यांचीच पोरं लागतात." आई काही बोलली नाही, मोरीत जाऊन हात धुऊ लागली. मी आठ दिवस तिच्याशी बोलले नाही.

त्याच जूनमध्ये माझी शाळा सुटली. कोणी सोड म्हणाले नव्हते. रात्री आई नसे, दिवसा तिला झोप हवी असे, वडील रखवालीच्या कामावर. बहिणीला कोणी पाहायचे? मी शाळेत जायचे थांबले, आणि आईने मला जा म्हटले नाही, याचा राग मी कितीतरी वर्षे मनात धरला.

२०११ साली गुडघ्यांमुळे आईने काम सोडले. ग्रॅच्युइटीचा कायदा तेव्हा १९७२ सालचा होता, पण त्यालाही दहा माणसे लागत, कागदावर आठच. तिला साडी, नारळ आणि पाच हजार रुपये मिळाले. ती साडी तिने कधी नेसली नाही.

२०१४ साली माझी मुलगी आठवीत गेली. तिचे दप्तर भरत असताना आईने मला माळ्यावरून एक गाठोडे काढायला लावले. आत आठवीची सगळी पुस्तके होती, जुनी, कोणाची तरी वापरलेली, खाकी कागदाची कव्हरे घातलेली. प्रत्येकावर माझे नाव होते. आईला लिहिता येत नसे. नर्सबाईंकडून लिहवून घेतले म्हणाली. १९९३ च्या मे महिन्यात घेतली होती. मी विचारले, "मग तेव्हा दिलीस का नाहीस?"

ती म्हणाली, "तू बोलत नव्हतीस ना नीट. आणि छकुलीला पाहायला कोणी नव्हतं."

मधल्या काळात अभ्यासक्रम पार बदलला होता. नात पुस्तके चाळून बाजूला झाली. आईने ती पुन्हा नीट रचली, सुतळीने बांधली आणि मला वर ठेवायला दिली. २०१८ साली आई गेली. गाठोडे माळ्यावरच आहे.