खंजिरी आणि ग्रामगीता

रात्री भजन रंगते, माणसे डोळे पुसत घरी जातात. आणि सकाळी गाव पूर्ववत् असते. तोच उकिरडा, तीच भाऊबंदकी, पाणवठ्यावरचा तोच भेद. गीताने गाव बदलते काय? या प्रश्नाचे उत्तर विदर्भातील एका कवि-गायकाने आपल्या आयुष्याने दिले. ते गायक म्हणजे तुकडोजी महाराज होत.

त्यांचा जन्म १९०९ मध्ये अमरावती जिल्ह्यातील यावली येथे एका गरीब शिंप्याच्या घरी झाला. मूळ नाव माणिक. ‘तुकड्या’ हे नाव वरखेडचे गुरू आडकोजी महाराज यांनी दिले. शालेय शिक्षण अल्पच झाले. वाद्य म्हणाल तर खंजिरी : हातात मावणारी, कोणत्याही खेड्यात मिळणारी. त्यांची पदे मराठीत होती तशीच हिंदीतही. चाली सोप्या, धृपद सर्वांनी उचलावे असे. त्यामुळे ऐकणारा पाहता पाहता गाणारा होई, आणि शेजारी बसलेल्याची जात विचारण्यास अवसर उरत नसे.

१९३५ मध्ये त्यांनी मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापिला. तेथून सामुदायिक प्रार्थनेची प्रथा गावोगाव पसरली. १९४२ च्या ऑगस्टमध्ये आष्टी-चिमूर भागात उठाव झाला. या भजनांचे लोकांवरील वजन ब्रिटिश सरकारने जाणले होते. महाराजांना अटक होऊन नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत राहावे लागले.

स्वातंत्र्य आले, तेव्हा जागृत झालेल्या समुदायाने करावयाचे काय, हा प्रश्न अधिक कठीण झाला. ‘ग्रामगीता’ हा ग्रंथ त्याचे उत्तर होय. ४१ अध्यायांच्या या ग्रंथासाठी त्यांनी ओवीच निवडली. कारण जात्यावर आणि पारायणात ती लोकांच्या कानांत पूर्वीच मुरलेली होती. विषय मात्र गावसफाई, आरोग्य, ग्रामोद्योग, स्त्रियांची उन्नती, अस्पृश्यतेचा त्याग आणि योग्य पुढाऱ्याची निवड असे होते. गाव हेच दैवत मानल्यावर रस्ता झाडणे ही पूजाच ठरते. रात्री गाण्यात एक झालेली माणसे सकाळी त्याच कामावर यावीत, अशी ही योजना होती.

१९६८ मध्ये महाराज निवर्तले. २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. हा गौरव उचितच होय. तथापि ज्या गावी प्रार्थनेनंतर चार माणसे झाडू घेऊन निघतात, तेथे ती खंजिरी अधिक स्पष्ट ऐकू येते.