खापरात मुरलेली चरबी

कार्ल्याच्या पायऱ्या चढून एकवीरेपाशी आलात की शेजारीच ते भव्य चैत्यगृह दिसते. तिथे दात्यांची नावे कोरलेली आहेत. कुणी धेनुकाकटचा यवन, कुणी सुगंधी द्रव्ये विकणारा. नहपानाचा जावई उषवदात तर भिक्खूंच्या निर्वाहासाठी अख्खे गाव देऊन गेला. मावळातल्या या दगडाने देणाऱ्यांची नावे दोन हजार वर्षे सांभाळली. पण त्या काळी चुलीवर काय शिजत होते, हे दगड सांगत नाही. त्यासाठी खापराकडे जावे लागते.

मातीच्या हंडीत ज्यांनी मटण शिजवले आहे, त्यांना हे लगेच पटेल. हंडी कितीही घासा, ती चरबी पिऊन बसते. म्हणून तर दुधाचे मडके वेगळे ठेवतात. ही मुरलेली चरबी हजारो वर्षे टिकू शकते. संशोधक खापराचा वरचा थर खरवडून टाकतात, आतली थोडी पूड घेतात, रसायनात चरबी विरघळवतात आणि तिच्यातल्या कार्बनच्या हलक्या-जड प्रकारांचे प्रमाण मोजतात. त्यावरून दूध, रवंथ करणाऱ्या प्राण्याची चरबी आणि डुकरासारख्या रवंथ न करणाऱ्याची चरबी यांतला फरक कळू शकतो.

आता अडचण बघा. गाय, म्हैस, शेळी, मेंढी ही सगळीच रवंथ करतात. त्यातली कोणती, हे या मोजणीतून ठरत नाही. शिवाय एका मडक्यात एकदाच स्वयंपाक होत नाही. वर्षभराची जेवणे एकमेकांत मिसळलेली असतात.

डिसेंबर २०२० मध्ये अक्षयेता सूर्यनारायण आणि सहकाऱ्यांनी हरियाणा-उत्तर प्रदेशातल्या सिंधू संस्कृतीच्या १७२ खापरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली काही खापरे फरमाण्याची. तिथले उत्खनन आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांनी केलेले. अभ्यासात प्राणिज चरबी भरपूर मिळाली. दुसऱ्या दिवशी मथळे आले: हडप्पाचे लोक गोमांस खात होते! वास्तविक गाई-म्हशींचा मुद्दा तिथे मुख्यतः हाडांवर उभा आहे. सिंधू स्थळांवर त्यांची हाडे सरासरी निम्मी किंवा त्याहून जास्त निघतात. डुकराचे उलटे. खापरे डुकरासारखी चरबी दाखवतात, हाडे मात्र अगदी थोडी. वनस्पती तेल आणि रवंथ करणाऱ्यांची चरबी एकत्र झाली तरी असाच आकडा येऊ शकतो, हे संशोधकांनीच लिहून ठेवले आहे. तेवढा परिच्छेद कुणी छापला नाही.

याच फरमाण्यात २०१० साली हळद, आले आणि वांग्याचे पिष्टकण सापडल्याचे प्रसिद्ध झाले. ‘जगातली सर्वात जुनी करी’ म्हणून सगळ्यांनी कौतुक केले, कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत. फेब्रुवारी २०२० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात सिंधूकालीन जेवणाचा कार्यक्रम झाला, त्यातून मात्र मांसाचे पदार्थ ऐनवेळी वगळले. वांगे चालते, हाड चालत नाही.

मला यात एवढा रस का? मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी आली. त्याच सप्टेंबरात दादरीत एका घरातले मांस तपासणीसाठी प्रयोगशाळेत गेले. ते जाण्याआधीच जमावाने घरच्या माणसाला ठार मारले होते. भांड्यात काय आहे, हा प्रश्न आमच्यासाठी केवळ पुरातत्त्वाचा राहिलेला नाही. म्हणूनच ‘बघा, तुमचेही पूर्वज खात होते’ असे म्हणत हे मथळे फॉरवर्ड करणाऱ्या आमच्या मित्रांचाही मला राग येतो. आपण तरी कुणाच्या डोक्यावर चार हजार वर्षांपूर्वीचे खापर का फोडायचे?

इनामगाव पुणे जिल्ह्यातच आहे, शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे बरीच वर्षे खणले. पहिल्या शेतकऱ्यांची घरे, धान्याचे कणगे, मडक्यांत पुरलेली मुले, कापल्याच्या खुणा असलेली जनावरांची हाडे, सगळे निघाले. तिथल्या एखाद्या खापरापुढे पाटी लावायची वेळ आली तर मी एवढेच लिहीन: आत चरबी आहे, रवंथ करणाऱ्या जनावराची. जनावर कोणते, ते शेजारच्या हाडांवरून पाहा. कालवण कशाचे होते, ते या खापराला विचारू नका.