‘भूतनाथा’ची पूर्तता

१९१३ च्या ऑगस्ट महिन्याच्या पहिल्या तारखेस काशी येथें देवकीनंदन खत्री वारले. त्यांचें वय त्या वेळीं अवघें बावन्न होतें. मागें घर होतें, छापखाना होता, मुलें होतीं. आणि एक अपुरी कादंबरी होती. ‘भूतनाथ’ या कादंबरीचे सहाच भाग लिहून झाले होते. पंचवीस वर्षें एकाच कथेच्या मागें धांवत आलेले हजारों वाचक तिच्या अगदीं शेवटच्या वळणावर थबकून उभे राहिले. लेखक गेला म्हणजे त्याचें अपुरें लेखन अपुरेंच राहावयाचें, हा साहित्यांतील सामान्य अनुभव आहे. येथें मात्र तसें झालें नाहीं. तें कां झालें नाहीं, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

देवकीनंदन यांचा जन्म १८६१ सालीं बिहारमधील मुजफ्फरपूर भागांत आजोळीं झाला. घराणें मूळचें पंजाबचें. त्यांचें आरंभींचें शिक्षण उर्दू व फारसी या भाषांत झालें; हिंदी व संस्कृत त्यांनीं पुढें काशींत आत्मसात् केली. तरुणपणीं गयेजवळच्या टिकारी संस्थानांत त्यांचा व्यापार चाले. नंतर काशीनरेशांच्या राज्यांतील चकिया व नौगढ येथील जंगलांचा ठेका त्यांना मिळाला. या कामाच्या निमित्तानें ते दिवसचे दिवस अरण्यांत हिंडत. डोंगरांतल्या गुहा, पडके किल्ले, बुजलेल्या विहिरी, वाट हरवलेलीं भुयारें हें सारें त्यांनीं डोळे भरून पाहिलें. पुढें ठेका सुटला, पण पाहिलेलें कांहीं सुटलें नाहीं. व्यापारी बैठकीवरून उठलेल्या या माणसानें लेखणी हातीं घेतली आणि १८८८ च्या सुमारास ‘चंद्रकांता’ या कादंबरीचा पहिला भाग वाचकांपुढें आला.

कथा म्हटली तर साधी. नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांचें परस्परांवर प्रेम आहे; मध्यें शत्रु आहेत, फितूर आहेत. परंतु वाचकाला वेड लावलें तें या प्रेमकथेनें नव्हे, तर ऐयारांनीं आणि तिलिस्मानें. ऐयार म्हणजे राजाच्या पदरचा हेर. वेषांतरांत निष्णात, झोळींत बेशुद्धीचें चूर्ण आणि शुद्धीवर आणणारा लखलखा बाळगणारा, शत्रूला युक्तीनें पकडणारा. तिलिस्म म्हणजे पूर्वजांनीं अपार द्रव्य दडवून, कळसूत्रांनीं बांधून ठेवलेलें गूढ स्थान. तें कोणालाहि उघडतां येत नाहीं. ज्या वारसासाठीं तें राखलेलें असतें, त्यानेंच तें बांधणाऱ्याच्या लेखी खुणा वाचून, एकेक दार उलगडीत उघडावयाचें असतें. विशेष हा कीं, येथील चमत्कार भुताखेतांचे नाहींत. दगडी पुतळा तलवार चालवितो किंवा भिंत आपोआप सरकते, त्याच्या मागें कोठें तरी यंत्र असतें.

ही कल्पना खत्रींनीं शून्यांतून निर्माण केली नव्हती. फारसी-उर्दू दास्तानांची परंपरा त्यांच्या अंगवळणीं पडलेली होती. त्याच काळांत लखनौच्या नवलकिशोर छापखान्यानें ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ ही प्रचंड दास्तान १८८३ पासून छापावयास घेतली होती. तिचे पहिले चार खंड महंमद हुसेन जाह यांनीं लिहिले व पुढचे अहमद हुसेन क़मर यांनीं. लेखक मध्यावर बदलला, तरी ग्रंथ चालू राहिला. कारण ग्रंथ छापखान्याचा होता. छापखाना मालक आणि दास्तानगो त्याच्या आश्रयाला, अशी ती व्यवस्था होती. काशींत खत्रींनीं हें नातें उलटें केलें.

‘चंद्रकांते’चे चार भाग संपले, पण वाचक तृप्त झाले नाहींत. म्हणून १८९४ पासून ‘चंद्रकांता संतति’ निघूं लागली. नांवाप्रमाणेंच ती पुढल्या पिढीची, म्हणजे वीरेंद्रसिंहाचे पुत्र इंद्रजितसिंह व आनंदसिंह यांची कथा होय. ती वाढत वाढत चोवीस भागांपर्यंत गेली. ती अशी भर प्रवाहांत असतांनाच, १८९८ सालीं, खत्रींनीं काशींत ‘लहरी प्रेस’ हा स्वतःचा छापखाना घातला. वेळहि अनुकूल होती. काशीची नागरी प्रचारिणी सभा १८९३ सालीं स्थापन झाली होती, आणि १९०० सालीं वायव्य प्रांत व अयोध्या येथील कचेऱ्यांत नागरी लिपीला सरकारनें मान्यता दिली. नागरी वाचणारा वर्ग वाढत होता. त्याला वाचावयास मात्र फारसें कांहीं नव्हतें.

लेखकानें छापखाना घालणें म्हणजे काय, याचा नीट विचार केला पाहिजे. खिळे विकत घ्यावयाचे, ते जुळविणाऱ्यांचा पगार दर महिन्यास द्यावयाचा, कागदाची उधारी सांभाळावयाची, मुद्रितें तपासावयाचीं, फर्मे बांधून टपालांत घालावयाचे, आणि एवढें करून पुस्तक खपलें नाहीं तर तोटा निमूटपणें सोसावयाचा. परंतु त्याच्या बदल्यांत दोन गोष्टी मिळतात. कथा केव्हां संपवावयाची हें दुसऱ्या कोणी ठरवीत नाहीं. आणि वाचकाला दिलेला शब्द सर्वस्वीं लेखकाचा होतो. भाग पुढें आला नाहीं तर दोष देण्याला प्रकाशक नांवाचा कोणी उरत नाहीं.

विद्वानांनीं या कादंबऱ्यांना फारसा मान दिला नाहीं. आचार्य रामचंद्र शुक्ल यांनीं १९२९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या हिंदी साहित्याच्या इतिहासांत त्यांना घटनाप्रधान ठरवून शुद्ध साहित्याच्या कोटींत स्थान नाकारलें. परंतु त्याच शुक्लांनीं मोकळ्या मनानें हेंहि मान्य केलें कीं, हिंदीला जितके वाचक खत्रींनीं मिळवून दिले तितके दुसऱ्या कोणाहि लेखकानें दिले नाहींत, आणि केवळ ‘चंद्रकांता’ वाचावयास मिळावी म्हणून कित्येक उर्दू जाणणारे लोक हिंदी शिकले. एखाद्या भाषेच्या सेवकाला याहून मोठी पावती क्वचितच मिळाली असेल.

‘संतती’मध्यें एक पात्र सर्वांना पुरून उरलें. तें म्हणजे भूतनाथ, मूळचा गदाधरसिंह. तो विलक्षण ऐयार आहे, शूर आहे. पण त्याच्या गतायुष्यांत अशीं कांहीं पापें आहेत कीं तीं उजेडांत येण्याच्या भयानें तो पदोपदीं कांपतो. नांवलौकिकानें जगावें ही त्याची इच्छा. पण प्रत्येक वळणावर जुनें कृत्य त्याची वाट अडवून उभें असतें. निर्दोष राजपुत्रांपेक्षां हा कलंकित मनुष्यच वाचकांच्या मनांत अधिक घर करून राहिला. आपलें चरित्र आपण लिहून राजापुढें ठेवूं, असें वचन भूतनाथ कथेंतच देतो. तें वचन पाळण्यासाठीं १९०७ सालीं खत्रींनीं ‘भूतनाथ’ लिहावयास घेतली. या मालिकेंतील ही अखेरची मोठी कादंबरी.

ती लिहिणें हें पूर्वीच्या कादंबऱ्यांहून अवघड काम होतें. ‘भूतनाथा’तील घटना ‘संतती’च्या आधींच्या आहेत. म्हणजे शेवट आधींच छापून, विकून, वाचून झालेला. आतां आरंभ असा रचावयाचा कीं चोवीस भागांत जेथें जेथें भूतनाथाच्या पूर्वायुष्याचा उल्लेख आला असेल, तेथें तेथें तो अचूक बसला पाहिजे. कोण केव्हां मेला, कोणीं कोणाला फसविलें, कोणतें गुपित कोणाला ठाऊक होतें, यांत एक गांठ चुकली तर जाणता वाचक ती लगेच दाखवून देणार. या जाळ्याचे धागे लेखकाच्या डोक्यांत होते; आणि सहा भागांनंतर तो लेखकच गेला.

वडील वारले त्या वेळीं दुर्गाप्रसाद खत्री अठरा वर्षांचे होते. त्यांचा जन्म १८९५ चा. त्यांच्या स्वतःच्या बुद्धीचा कल निराळा होता. पुढें त्यांनीं ‘लाल पंजा’, ‘रक्तमंडल’, ‘सफेद शैतान’ अशा ज्या कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत विज्ञानाचे शोध आणि क्रांतिकारकांच्या गुप्त संघटना आहेत. बोगदे व ऐयार यांचें तें जग नव्हे. तरीहि ‘भूतनाथ’ त्यांनीं सोडली नाहीं. उरलेले पंधरा भाग लिहून त्यांनीं ती एकवीस भागांत पुरी केली. सहा बापाचे आणि पंधरा लेकाचे. म्हणजे कादंबरीचा मोठा वाटा लेकाचा. आणि तरीहि ती वाचली गेली ती बापाच्या कथेचा शेवट म्हणून. पुत्राची खरी कसोटी येथेंच होती. स्वतःची शैली मागें ठेवून दुसऱ्याची वळणें गिरवावयाचीं, दुसऱ्यानें बांधलेल्या गांठी सोडवावयाच्या, आणि यश आलें तर तें वडिलांचें, अपयश आलें तर मात्र आपलें, हें ठाऊक असून लिहीत राहावयाचें, हा त्याग लहान नव्हे.

याच काळांतील महाराष्ट्राकडे पाहिलें म्हणजे या गोष्टीचें मोल अधिक कळतें. हरि नारायण आपटे यांनींहि १८९० सालीं ‘करमणूक’ हें स्वतःचें साप्ताहिक काढलें आणि आपल्या कादंबऱ्या त्यांतून आठवड्याच्या हप्त्यानें वाचकांच्या हातीं दिल्या. साधन त्यांच्याहि हातांत होतें आणि वाचकहि तितकाच उत्सुक होता. परंतु हरिभाऊंच्या कांहीं कादंबऱ्या अपूर्णच राहिल्या. केवळ आपलें पत्र किंवा आपला छापखाना असला म्हणजे ग्रंथ पुरा होतोच असें नाहीं. छापखाना वारसाला मिळतो. दिलेला शब्द वारसा म्हणून स्वीकारावा लागतो.

दुर्गाप्रसादांनीं तो स्वीकारला. एवढ्यावर न थांबतां ‘रोहतासमठ’ ही याच तिलिस्मी परंपरेंतील आणखी एक कादंबरी त्यांनीं लिहिली. १९७४ सालीं ते वारले. १९९४ सालीं ‘चंद्रकांता’ दूरदर्शनवर आली, तेव्हां जिनें कधीं पुस्तक पाहिलें नव्हतें अशा पिढीच्या तोंडीं ऐयार आणि तिलिस्म हे शब्द पुन्हां खेळूं लागले. ‘भूतनाथ’चे एकवीस भाग मात्र आजहि एकत्रच वाचले जातात आणि दोघांच्याहि नांवानें ओळखले जातात. सहावा भाग मिटून सातवा उघडतांना वाचकाला लेखणी बदलल्याची जाणीव होवो वा न होवो, कथा तेथें थांबत नाहीं. १९१३ सालीं वाट पाहत उभ्या राहिलेल्या वाचकांना एवढेंच हवें होतें.