डायलिसिसचा इतिहास: यंत्र, वय आणि शेजार

आठवड्याचे तास १६८. मूत्रपिंडे निकामी झालेल्या बहुतेक रुग्णांचे हिमोडायलिसिस आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास चालते. म्हणजे यंत्राजवळ १२ तास आणि यंत्राबाहेर १५६ तास. तंत्रज्ञानाचा इतिहास सहसा त्या १२ तासांपुरताच लिहिला जातो. या टिपणात दोन्ही भागांचा विचार करू, कारण वृद्ध रुग्णाचे जगणे दोन्हींवर अवलंबून असते.

१. पडदा आणि वाट

योग्य पडद्यातून लहान रेणू पार होतात आणि मोठे अडतात, या क्रियेला थॉमस ग्रॅहम या रसायनशास्त्रज्ञाने १८६१ मध्ये ‘डायलिसिस’ असे नाव दिले. हे तत्त्व रुग्णाच्या उपयोगी पडायला ऐंशी वर्षे लागली. १९४३ मध्ये जर्मनव्याप्त नेदरलँड्समधील कांपेन येथे विलेम कोल्फ यांनी लाकडी पिंपावर सेलोफेनची नळी गुंडाळून फिरते यंत्र बनवले. सुरुवातीचे जवळजवळ सर्व रुग्ण दगावले. १९४५ मध्ये प्रथमच एक रुग्ण या उपचाराने वाचली. तिचे वय ६७ होते.

तरीही दीर्घकालीन उपचार शक्य नव्हता. दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे आणि थोड्याच दिवसांत जागा संपत. १९६० मध्ये सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातावर कायम ठेवता येणारी टेफ्लॉनची नळी वापरली. पुढे १९६६ मध्ये धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडण्याची ‘फिस्ट्युला’ पद्धत आली. ती आजही प्रचलित आहे.

२. कोणाला जगवायचे?

उपचार शक्य झाला, पण यंत्रे मोजकी होती. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सिएटलच्या केंद्रासाठी रुग्ण निवडायला नागरिकांची समिती नेमली गेली. उत्पन्न, नोकरी, कुटुंब, समाजातील स्थान यांचा विचार होई आणि ४५ वर्षांवरील रुग्ण आधीच वगळले जात. पहिली वाचलेली रुग्ण ६७ वर्षांची असूनही वृद्ध हे यादीबाहेरच राहिले. १९७२ च्या कायद्याने अमेरिकेत या उपचाराचा खर्च बहुतांशी सरकारने उचलला, तेव्हा ही निवड थांबली.

३. जयप्रकाशांचे उदाहरण

आणीबाणीतील स्थानबद्धतेत जयप्रकाश नारायण यांची मूत्रपिंडे निकामी झाली. नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटका झाल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणले आणि नियमित डायलिसिस सुरू झाले. वय होते ७३. यंत्रासाठी लोकांकडून छोट्या देणग्या गोळा झाल्या. पंतप्रधान सहाय्यता निधीतून आलेले ९० हजार रुपये मात्र त्यांनी १९७६ मध्ये परत केले. डायलिसिसवर असतानाच १९७७ च्या निवडणुकीत ते विरोधकांना एकत्र आणणारे नेते ठरले. ऑक्टोबर १९७९ पर्यंत ते जगले. त्यांच्यामागे डॉक्टर होते, तसेच पैसा उभा करणारे, प्रवासात सोबत करणारे, पथ्य सांभाळणारे लोकही होते. सामान्य वृद्धाजवळ असे कोण असते?

४. बंगळुरूतील १५६ तास

२०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला आणि जिल्हा रुग्णालयांत गरीब रुग्णांना मोफत उपचार मिळू लागला. बंगळुरूत व्हिक्टोरिया रुग्णालयाच्या आवारात मूत्रपिंडविकारांची सरकारी संस्था आहे, आणि बंगळुरू किडनी फाउंडेशनसारखे न्यासही काम करतात. पण मुले परगावी किंवा परदेशी असतील, तर या शहराच्या वाहतुकीतून आठवड्यातून सहा फेऱ्या कोण करणार? येताना तर रक्तदाब उतरलेला असतो, चक्कर येते.

ज्येष्ठांसाठीच्या वसाहतींचे महत्त्व इथे कळते. पुण्याच्या ‘अथश्री’चा नमुना बंगळुरूत व्हाइटफील्डलाही आला आहे. अशा ठिकाणी गाडी ठरलेली असू शकते, परत आल्यावर दार उघडायला कोणी असू शकते आणि सामायिक स्वयंपाकघरात मीठ वेगळे घालता येते. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून दिले, की पोटॅशियम कमी होते.

मात्र नुसती माया पुरत नाही. आजाऱ्याला शहाळे नेऊन देणे ही आपली रीत. पण शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडे ते बाहेर टाकू शकत नसल्याने हृदयाची लय बिघडून जीवही जाऊ शकतो. फिस्ट्युला असलेल्या हातावर रक्तदाब मोजायचा नाही, हेही वसाहतीतल्या परिचारिकेला आणि शेजाऱ्यांना माहीत हवे. काही रुग्ण घरीच पोटातील पडद्याद्वारे डायलिसिस करतात. त्यांना स्वच्छ खोली आणि मदतीचा हात लागतो. फ्रान्समध्ये अशा वृद्धांच्या घरी परिचारिका जाते.

अशा वसाहतीचा खर्च मात्र बहुतेकांच्या आवाक्याबाहेर असतो. सिएटलमध्ये वृद्धांना वगळणारी अट लेखी होती. आज तशी अट नाही, पण सोबत नसेल तर यंत्र असूनही रुग्ण तिथपर्यंत पोहोचत नाही. ही सोबत गल्लीतला ज्येष्ठ नागरिक संघ किंवा सोसायटीही देऊ शकते, त्यासाठी मोठे भांडवल लागत नाही.

विचारासाठी प्रश्न

१. डायलिसिसचा द्रव मिनिटाला ५०० मिलीलीटर वाहतो असे धरा. चार तासांच्या एका सत्राला किती लीटर शुद्ध पाणी लागेल? पाणीटंचाईच्या शहरात याचा काय परिणाम होईल?
२. तुमच्या परिसरात डायलिसिसवर असलेल्या वृद्धासाठी शेजाऱ्यांनी करण्याजोग्या तीन गोष्टी लिहा.