चिनी वेणीची कथा

पुरुषानें केंस किती वाढवावे हा प्रश्न सामान्यतः आरसा आणि न्हावी यांच्यापलीकडे जात नाहीं. चीनमध्यें मात्र अडीचशेंहून अधिक वर्षें तो राजसत्तेनें आपल्या हातीं ठेविला होता, आणि उत्तर चुकणाऱ्याचें डोकें धडावर राहण्याची शाश्वति नव्हती.

मिंग राजवटींतील चिनी पुरुष केंस वाढवीत व ते माथ्यावर गांठ मारून बांधीत. देह, त्वचा आणि केंस हें मातापित्यांचें देणें आहे, त्याला अपाय करूं नये, अशी कन्फ्यूशियसच्या परंपरेची शिकवण होती. १६४४ सालीं मांचू लोकांनीं पेकिंग घेतलें. त्यांची रीत निराळी. पुढचा माथा तासून मागें वेणी सोडावयाची. आपल्याकडील शेंडीसारखीच, पण शेंडी धर्मानें सांगितलेली होती, ही वेणी जेत्यानें. प्रथम दिलेला हुकूम लोकक्षोभ पाहून मागें घेण्यांत आला. परंतु पुढील वर्षीं नान्किंग पडलें, आणि राजप्रतिनिधि दोर्गोन यानें मुरवत सोडली. हुकूम पोंचल्यापासून दहा दिवसांत हजामत, नाहींतर शिरच्छेद!

यांगत्सेच्या दक्षिणेकडील ज्या गांवांनीं नव्या राजाला निमूटपणें मान तुकविली होती, तींच गांवें वस्तरा दिसतांच उठलीं. च्यांगयिन गांवानें सुमारें ऐंशीं दिवस वेढा सोसला व शेवटीं तेथें सरसहा कत्तल झाली. च्यादिंग येथें तर एकामागून एक तीन कत्तली झाल्या. राज्य गेलें तें सोसलें आणि केंस गेले ते सोसवेनात, हें श्रोत्यांना चमत्कारिक वाटेल. पण राजा बदलल्यानें घरचा देव्हारा बदलत नव्हता. केंस उतरल्यावर मात्र पितरांपुढें उभें राहण्यास तोंड उरत नव्हतें. बौद्ध भिक्षु व ताओपंथी पुरोहित यांना हुकमांतून सूट होती. म्हणून कांहीं विद्वानांनीं सरळ भिक्षूचें मुंडण पत्करिलें. सगळे केंस गेलेले चालतील, मांचूंच्या मापानें ठेवलेले नकोत!

आरंभींची वेणी उंदराच्या शेपटीएवढी बारीक असे. पिढ्या गेल्या तशी ती जाड झाली, लांब झाली आणि मनांतही रुजली. १७६८ सालीं मांत्रिक लोक वेणीचें टोंक कापून माणसाचा आत्मा चोरतात, अशी हूल प्रांतोप्रांतीं पसरली. बादशहा छ्यन्लुंगला तींत राजद्रोहाचा वास आला आणि त्यानें स्वतः तपासाचा लकडा लाविला. रयतेला मात्र आपल्या जिवाची धास्ती होती. जी वेणी टाळण्यासाठीं पूर्वजांनीं प्राण दिले, त्याच वेणींत आतां वंशजांचे प्राण गुंतले होते.

१८५१ च्या ताईपिंग बंडांत बंडवाल्यांनीं पुढचे केंस पुन्हां वाढविले. दोन फौजांच्या कचाट्यांत सांपडलेल्या शेतकऱ्याचा पक्ष त्याच्या माथ्यावरच्या बोटभर वाढीवरून ठरूं लागला. समुद्रापलीकडे सॅन फ्रॅन्सिस्को शहरानें १८७६ सालीं असा नियम केला कीं, तुरुंगांतील पुरुषाचे केंस एक इंच राखून कापावे. नियम सर्वांना, रोख चिन्यांवर. हो आ काउ नांवाच्या मजुरानें त्याविरुद्ध फिर्याद लाविली आणि १८७९ सालीं न्यायमूर्ति फील्ड यांनीं नियम रद्द ठरविला. वेणी गेल्यानें इहलोकीं अप्रतिष्ठा व परलोकीं दुर्गति होते, असें फिर्यादीचें म्हणणें होतें. च्यांगयिनच्या लोकांना तें ऐकवलें असतें तर!

१९१२ च्या मार्चमध्यें प्रजासत्ताकाचे अध्यक्ष सुन यत्-सेन यांनीं वेणी कापण्यास वीस दिवसांची मुदत दिली. पूर्वीं दहा होती, आतां वीस. कात्र्या घेतलेले सैनिक नगरांच्या वेशींवर उभे राहिले, आणि बाजाराला आलेले खेडूत धाय मोकलून रडले. वेणी न सोडणारा सेनापति चांग श्युन यानें १९१७ सालीं बालराजाला पुन्हां तख्तावर बसविलें. तें राज्य बाराच दिवस टिकलें. तेवढ्या अवधींत पेकिंगमधील नाटकी पोषाखांच्या दुकानांत घोड्याच्या केंसांच्या खोट्या वेण्यांना गिऱ्हाईक लागलें होतें.