विझलेला दिवा

२८ मार्च १९७९. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील थ्री माइल आयलंड या अणुविद्युत् केंद्रात पहाटे चार वाजता दुसऱ्या संयंत्राचे पाणीपुरवठ्याचे पंप थांबले. भट्टीतील दाब वाढला, तो उतरविणारी झडप आपोआप उघडली, भट्टीही बंद झाली. येथवर सारे यथास्थित होते. दाब उतरताच झडप मिटावयास हवी होती. ती मिटली नाही.

नियंत्रण-कक्षातील दिवा मात्र विझला. झडप उघडी धरणारा विद्युत्प्रवाह थांबला, एवढेच तो सांगत होता. हुकूम सुटला म्हणजे तो पाळला गेला, असा हा भाबडा हिशेब! खरी साक्ष होती झडपेपुढील नळीवरच्या तापमापकापाशी. तो सुमारे २८५ अंश फॅरनहाइट दाखवीत होता. २०० च्या वर गेल्यास झडप उघडी समजावी, असे नियमावलीत लिहिलेलेही होते. परंतु ही झडप आधीपासूनच थोडीथोडी गळत असे, आणि तापलेल्या नळीची सर्वांना सवय झाली होती. जुन्या गळतीने नवी गळती झाकली. त्यातच दाबटाकीतील पाणी चढताना दिसले; भट्टी काठोकाठ भरली असे समजून कर्मचाऱ्यांनी आपत्कालीन पाणीच कमी केले.

६ वाजून २२ मिनिटांनी त्याच मार्गावरील दुसरी झडप बंद करण्यात आली. तोवर गाभा उघडा पडला होता. त्या सकाळी त्याचा जवळजवळ निम्मा भाग वितळला, हे पुढे १९८० नंतरच्या तपासणीत कळले.

सप्टेंबर १९७७ मध्ये ओहायोतील डेव्हिस-बेसी केंद्रातही अशीच झडप अडकली होती. तेथे सुमारे वीस मिनिटांत ती ओळखली गेली. ते वर्तमान थ्री माइल आयलंडच्या कर्मचाऱ्यांपर्यंत कधी पोहोचलेच नव्हते.