फोडलेल्या काचा, उरलेला इतिहास

१/ ऑक्टोबर १९१५. अंटार्क्टिकाच्या वेडेल समुद्रात बर्फाने चिरडलेले ‘एन्ड्युरन्स’ जहाज अर्नेस्ट शॅकल्टन यांच्या २८ जणांच्या तुकडीला सोडावे लागले. छायाचित्रकार फ्रँक हर्ली यांच्या काचेच्या निगेटिव्ह मात्र जहाजातच राहिल्या.

२/ काही दिवसांनी हर्ली परतले. अर्धवट बुडालेल्या जहाजातील गोठत्या पाण्यात उतरून त्यांनी निगेटिव्हचे डबे वर काढले.

३/ पुढची वाट बर्फावरची आणि नंतर होड्यांची. एवढे वजन नेणे अशक्य होते. हर्ली आणि शॅकल्टन यांनी बर्फावर बसून एकेक काच पारखली. सुमारे १२० ठेवल्या. सुमारे ४०० तिथेच फोडल्या, पुन्हा मोह होऊ नये म्हणून.

४/ मोठे कॅमेरेही मागे राहिले. उरला खिशात मावणारा एक कोडॅक आणि फिल्मचे ३ रोल. एलिफंट बेटावर अडकलेल्या २२ जणांची दृश्ये त्यांवरच टिपली गेली. ३० ऑगस्ट १९१६ रोजी त्या सर्वांची सुटका झाली.

५/ आज या मोहिमेचे जे रूप आपल्या डोळ्यांसमोर येते, ते त्या दिवशीच्या निवडीने घडवलेले आहे. म्हणून जुने छायाचित्र पाहताना त्यात काय दिसते याबरोबरच, कोणती काच ओझे ठरून फुटली, हेही विचारावे.